आधी बसायला सांगा

आमच्या गेटवर जे यंत्र बसवलंय, त्याने एकदा परबभावजींना विचारलं, "तुमचं समाधान झालं का? एक चेहरा निवडा." पडद्यावर चेहरे आले, रडक्यापासून खिदळणाऱ्यापर्यंत. चारचौघं काय करतात, जाता जाता कुठल्या तरी चेहऱ्याला बोट लावतात आणि भाजी आणायला जातात. परबभावजी माघारी घरी गेले, चष्मा लावून बसले आणि फूलस्केप कागदाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर लिहिलं. वर 'प्रति, मा. व्यवस्थापन', खाली 'आपला नम्र परंतु जागरूक'. खाली येऊन तो कागद त्यांनी यंत्राच्या तोंडासमोर धरला. वाचायला पुरेसा वेळ दिला. पान उलटलं, पुन्हा वेळ दिला. मग वॉचमनकडे वळून म्हणाले, "पोच द्या."

वॉचमन बिचारा गोंधळला. त्याने सलाम ठोकला. भावजींनी तीच पोच समजून खिशात घातली.

पण हे मी मधूनच सुरू केलं. आधी माणूस सांगते, मग यंत्र.

गोविंद परब, राहणार लालबाग, गाव मालवणच्या अलीकडचं. गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायचे. आमची चाळ होती तेव्हा तिसऱ्या माळ्यावर त्यांच्या गावकऱ्यांची खोली होती. एकाच गावचे पुरुष, प्रत्येकाची एक ट्रंक आणि झोपायला पाळ्या. दिवसपाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर आडवा. वळकटी कधी गार पडली नाही. तळमजल्यावर माझी खानावळ. खोलीतले सगळे माझ्याकडे जेवायचे, त्यामुळे मी साऱ्यांची वैनी. आमचे हे गेले, खानावळ गेली, पण वैनी हे पद अजून कायम आहे. त्याला निवृत्ती नाही आणि पेन्शनही नाही.

परबभावजी आमच्या गल्लीचे युनियन प्रतिनिधी. संपाच्या वेळी गेटसभेत असे बोलायचे की समोरच्या झाडावरचे कावळे बसून ऐकायचे. तो संप मिटला असं पुढे कुणी येऊन रीतसर सांगितलं नाही. गिरण्या गेल्या, जागा गेल्या, टॉवर आले, पण सांगितलं नाही ते नाहीच. त्यामुळे परबभावजींच्या मते संप तांत्रिकदृष्ट्या चालू आहे, आणि समोर जो येईल तो मॅनेजमेंट.

डॉक्टर मॅनेजमेंट. केस कापणारा मॅनेजमेंट. सून तर घरातलीच मॅनेजमेंट. तिने चहातली साखर बंद केली, तर यांनी स्वयंपाकघराच्या दाराला निवेदन चिकटवलं. पहिल्या फेरीत अर्ध्या चमच्यावर तडजोड झाली आणि ती त्यांनी तिच्याकडून सहीनिशी घेतली. कारण त्यांचं एकच पालुपद, "काय ता लेखी द्या." हीच सून बघायला गेले होते तेव्हा मुलीच्या वडिलांनी भीतभीत विचारलं, "पसंत आहे ना?" हे म्हणाले, "प्रस्ताव स्वागतार्ह आहे. चर्चेची पुढची फेरी रविवारी." तो गृहस्थ नकार समजून उठून चालता झाला. स्वतःच्या घरातून! त्याला दादरच्या फुलबाजारातून शोधून परत आणावा लागला.

आणि एक खोड. मालवणी माणूस, मासे म्हणाल तर काटासुद्धा उरवायचा नाही, पण सोलकढी शिवत नाही. माझ्या हातची सोलकढी प्यायला लोक परळवरून चालत यायचे, आणि हा माणूस वाटी अशी हळूच बाजूला सारणार. मी समजले, पित्त असेल. एवढी वर्षं मी ते पित्तच समजत होते.

आता यंत्र.

चाळ पाडली, तिथे दोन इमारती झाल्या. पुढे विकत घेणाऱ्यांचा उंच टॉवर आणि मागे आम्हा जुन्यांची बारकी इमारत, आंब्याच्या पेटीमागे खोका ठेवावा तशी. गेट मात्र एकच. पुढच्या लोकांच्या कमिटीने तिथे हे यंत्र बसवलं. नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात कशाला. पाहुणा आला की त्याने पडद्यावर घरवाल्याचं नाव, फ्लॅटचा नंबर बोलून नाहीतर लिहून घालायचा. मग घरवाल्याच्या मोबाईलवर घंटी. तो हो म्हणाला तर आत. नंबर चुकला की आतली गोड गळ्याची बाई म्हणते, "या नावाचा रहिवासी आढळला नाही." इतक्या मधाळ आवाजात म्हणते, की माणसाला वाटावं आपला सत्कारच झाला.

पहिला सत्कार हिराबाईचा. ही आमची कोळीण. चाळीच्या दगडी पायऱ्या होत्या तेव्हापासून मासळी घालते. तिला नावं ठाऊक नाहीत, नंबर तर नाहीतच. तिच्या लेखी मी 'बोंबीलवाली वैनी', परबभावजी 'बांगडा', पाटणकरबाई 'सुरमई, पण उधारीची'. आता हे यंत्रात कसं घालणार? तिने आपली टोपली खाली ठेवली, पडद्यासमोर तोंड नेलं आणि सांगितलं, "बांगड्याकडं जायचंय."

"या नावाचा रहिवासी आढळला नाही."

"अरे मेल्या डब्या!" हिराबाई कडाडली. "तुजा जल्म व्हायच्या आदीपासून मी हितं मावरं आनतंय. तू कोन मना इचारनारा? तुजी आय कुटं हाय, तिला बोलाव!"

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," बाई म्हणाली.

हिराबाईने पुन्हा प्रयत्न केला. ते शब्द मी इथे लिहू शकत नाही.

आम्ही दोघं खाली धावलो. मी हसत होते. परबभावजी मात्र हसले नाहीत. ते पडद्यावरची ती ओळ वाचत उभे राहिले. पुन्हा वाचली. मग हिराबाईला म्हणाले, "तू बस गो आधी." आणि वॉचमनची खुर्ची ओढून तिला दिली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. मोबाईल मी आपला आपणच शिकलेय, कुणी शिकवला नाही, चुकत-माकत नातेवाइकांना भलतेसलते अंगठे पाठवून शिकले. त्यामुळे मी झाले युनियनची टायपिस्ट. त्यांनी मागणी सांगितली, मी यंत्राच्या कंपनीला पाठवली. मला वाटलं होतं मोठी सनद असेल, पगारवाढ, बोनस, भरपगारी रजा. पण नाही. एकच मागणी: 'पाहुण्यास नाही म्हणण्यापूर्वी बसावयास सांगावे व आत विचारावे. आढळला नाही हे वाक्य वापरू नये.'

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढाच," ते म्हणाले. "मागणी लहान आसली काय नाकारूक कठीण जाता."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'प्रिय गोविंद, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. तुमच्यासारख्या ग्राहकांमुळेच आम्ही घडतो.'

अहो, त्या माणसाचा आनंद काय सांगू! मोबाईल घेऊन घरोघर फिरले. "वैनी, उभ्या जन्मात मॅनेजमेंटने माका 'प्रिय' म्हटला नाय. मालक नमले!" मी वडे तळले. मालक नमले म्हटल्यावर वडे तळायचीच रीत होती आमची, जरी मालक कधी नमले नव्हते तरी. वड्यांची सवय राहावी म्हणून.

मग पुढचं उत्तर, 'आम्ही तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे.' मग, 'सूचना विचाराधीन आहे.' आणि मग एक दिवस आलं, 'तुमची सूचना आमच्या रोडमॅपवर आहे.'

"रोडमॅप म्हणजे काय हो भावजी?"

"पुढे काय काय करूचा ता ठरवलेला आसता. म्हणजे मागणी तत्त्वतः मान्य."

तत्त्वतः मान्य! हा शब्द मी संपात इतका ऐकलाय की अजून कानात भांडी पडल्यासारखं होतं. तत्त्वतः मान्य म्हणजे पंगतीत पान मांडलंय, पाणी वाढलंय, मीठ वाढलंय, आणि आचारी गावाला गेलाय. मी आपला मोबाईल उघडला. त्यांनी मला लिहायला सांगितलं, 'तारीख कळवावी. लेखी.' उत्तर आलं, 'आम्ही तारखा जाहीर करत नाही, कारण आम्हाला तुमची निराशा करायची नाही.' काय ती माया! लेकीला सासरी धाडताना बापसुद्धा इतकं जपून बोलत नाही.

पुढे कंपनीने कळवलं की ज्या सूचनेला जास्त मतं, ती आधी. मतदान म्हटल्यावर परबभावजी वीस वर्षांनी तरुण झाले. मागची इमारत पूर्ण, भजनी मंडळ, देवळासमोरचा हारवाला, सगळ्यांचे मोबाईल हातात घेऊन त्यांनी मतं टाकून घेतली. हिराबाईने तर अख्खा मासळीबाजार उभा केला. त्या बायांच्या घराला गेट नाही, काहींना धड दारही नाही, पण मत मात्र दिलं, 'बांगड्याचं काम हाय' म्हणून. आमची मागणी पहिली आली. आमच्या खाली होती पडदा काळा करायची मागणी, आणि त्याच्याही खाली, गणपतीत पडद्यावर मोदक पडताना दिसावेत ही.

गणपती आले. यंत्राची नवी आवृत्ती आली. पडदा काळा झाला होता आणि वरून मोदक पडत होते.

मी म्हणाले, "अहो, आपण तर पहिले आलो होतो!"

कंपनीने लिहिलं होतं, 'मतांचा आम्ही मनापासून आदर करतो. मात्र मत म्हणजे वचन नव्हे.' हे मला कुठेसं ऐकल्यासारखं वाटलं. बहुतेक दर निवडणुकीनंतर.

आणि मोदक विसर्जनाला गेले न गेले तोच शेवटचा निरोप. 'तुमची सूचना बरेच दिवस शांत असल्यामुळे आम्ही ती बंद करत आहोत. तुमचं समाधान झालं का? गेटवरच्या पडद्यावर एक चेहरा निवडा.'

तो सुरुवातीला सांगितलेला फूलस्केप कागद ह्या चेहऱ्यांना दिलेलं उत्तर होतं.

वॉचमनचा सलाम घेऊन भावजी वर आले. मग म्हणाले, "गिरण पण अशीच बंद केली. कोण काय बोललो नाय. नुसती शांत झाली." आणि कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. तो शर्ट बाहेर आला म्हणजे शिष्टमंडळ निघणार, हे मला ठाऊक होतं. शिष्टमंडळात तिघं: ते, मी आणि हिराबाई. हिराबाई टोपलीसकट. "बाजाराचा टायम हाय, टोपली कुटं ठेवू?" म्हणाली.

कंपनी परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. कुठल्या गिरणीच्या, ते मला टॅक्सीतून उतरल्यावर कळलं. परबभावजींनी पत्ता विचारलाच नाही. सरळ चालत गेले, एका ठिकाणी सवयीने डोकं खाली वाकवलं. तिथे आता काचेचा भलामोठा दरवाजा होता, हत्ती जाईल एवढा. पण पूर्वी तिथे बुटका दिंडी दरवाजा असणार.

आत शिरायला बघतो तर काय, दारात तेच यंत्र! कुणाला भेटायचंय, नाव घाला. आता आम्हाला उत्तरं यायची त्यांच्याखाली नाव असायचं, 'तुमचाच, ग्राहक-स्नेही चमू'. मी तेच घातलं.

"या नावाचा कर्मचारी आढळला नाही," बाई मधाळपणे म्हणाली.

"बघा," भावजी म्हणाले, "स्वतःच्या घरात पण हीच भाषा."

मग काय, गेट मिळालं, अडवणारा मिळाला; गेटसभा झालीच पाहिजे. चहाला बाहेर आलेली पोरं-पोरी कठड्यावर बसली होती, गळ्यात पट्टे, कानात बोंडं. परबभावजी पायरीवर चढले. "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो!" पोरांनी मागे वळून बघितलं, कामगार कुठे आहेत म्हणून. मग कळलं, आपणच. एकाने कानातलं बोंड काढलं.

भावजी बोलले. मागणी सांगितली, उत्तरं सांगितली, मोदक सांगितले. पोरं हसायला लागली, टाळ्या वाजवायला लागली. एक दाढीवाला म्हणाला, "काका, आमचं प्रमोशनपण दोन वर्षं रोडमॅपवर आहे."

"युनियन आसा?"

"नाही हो काका."

"मग करा."

टाळ्या थांबल्या. अर्धी पोरं चहा टाकून लगबगीने आत गेली. त्यांचं दार त्यांना ओळखत होतं.

तेवढ्यात एक मुलगी धावत आली. कपाळावर टिकली, पायात बूट, चेहरा आपल्या घरातला. "मी केतकी. तुमची सूचना माझ्याकडेच येते," म्हणाली. दादरची निघाली. 'काका', 'आजी' करत आम्हाला आत घेऊन गेली. हिराबाईची टोपली बघून आतल्या थंड हवेला जरा धक्का बसला, पण केतकीने टोपली ठेवायला जागा करून दिली. पोरगी वळणाची.

बैठकीच्या खोल्यांना त्यांनी गिरणीतल्या यंत्रसामानाची नावं दिली होती. बाबीण, धोटा, साचा. आम्हाला 'साचा'मध्ये बसवलं. भिंतीवर कापड विणायच्या जुन्या साच्याचा फोटो, त्यावर उजेड सोडलेला, देवावर सोडतात तसा.

परबभावजींनी चौफेर बघितलं. "ह्या खोलयेचा नाव साचो?"

"हो काका! तुमच्या वारशाचा मान म्हणून."

"साचे पलीकडे होते. हय मुतारी होती."

हिराबाईने पदर तोंडाला लावला. कशासाठी, ते सांगत नाही.

समोरच्या फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तीन रांगांत. 'आता', 'नंतर', 'कधीतरी'. हाच तो रोडमॅप. 'आता'मध्ये दिवाळीचे आकाशकंदील होते. आमची चिठ्ठी 'कधीतरी'त, सगळ्यात खाली, एक कोपरा सुटलेला. एसीच्या वाऱ्याने फडफडत होती. परबभावजी उठले, जवळ गेले आणि अंगठ्याने तिचा सुटलेला कोपरा दाबून नीट चिकटवला. मग परत येऊन बसले.

"बाय माझे," ते म्हणाले, "खरा काय ता सांग. होतला?"

केतकीने दाराकडे बघितलं. दार बंद होतं. "काका, खरं सांगू? नाही होणार. मी दोनदा विषय काढला. यंत्र मोठ्या सोसायट्या विकत घेतात. त्यांना पाहुण्याला बसवायचं नाहीये. तो गेटवरूनच परत जावा म्हणूनच ते यंत्र घेतात."

मी वाट बघत होते, आता भावजी म्हणतील, लेखी द्या. ते म्हणाले नाहीत. त्यांनी हात जोडले.

"उपकार झाले. माका आजपर्यंत कोणी सरळ नाय म्हणाला नव्हता. सगळे तत्त्वतः मान्यच करीत इले."

पोरीचे डोळे भरले. तिला वाटलं असेल आपण फार वाईट केलं. म्हणाली, "पण काका, एका वाक्यासाठी एवढं का? तुमच्याकडे कोण येणार आहे?"

मला वाटलं, आता हिराबाईचं नाव घेतील. पण हिराबाईला वॉचमन कधीच ओळखायला लागला होता, ती यंत्राला शिव्या देत थेट आत यायची. भावजी त्या फोटोतल्या साच्याकडे बघत राहिले.

"बाबल्या," ते म्हणाले.

बाबल्या गावडे! त्याच खोलीतला, त्याच गावचा. भावजी दिवसपाळीला, बाबल्या रातपाळीला. वळकटी दोघांत एक. मला आठवला तो, ताटातला शेवटचा घास कोपऱ्यात ठेवून मग खाणारा. संपाच्या दुसऱ्या वर्षी गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली तेव्हा तो कामावर गेला. गावी बाळंतीण बायको, चुलीत विस्तव नाही, करणार काय? पण तेव्हा आत जाणारा म्हणजे गद्दार. गेटसभेत भावजींनीच तसं ठासून सांगितलेलं. बाबल्याने खोली सोडली, बायकोला गावाहून आणून भोईवाड्यात राहायला गेला. त्यानंतर त्याचं नाव कुणी काढलं नाही. मीसुद्धा नाही.

"मी गावाक गेलंलंय," भावजी सांगत होते, पाठ केलेलं निवेदन वाचावं तसे, मधे न थांबता. "त्याच्या आवशीन माझ्याकडे आमसुला दिलान, झिलाक दी म्हणान. मिया घेवन गेलंय भोईवाड्यात. काळोख पडाच्या आधीच गेलंय, कोणी बघितला तर बघूदे म्हणान. दारार पडदो होतो. हाक मारलंय. आतसून आवाज इलो, 'हय तसो कोण रवणा नाय.'"

"मग?" केतकी.

"आवाज त्याचोच. एका वळकटयेर निजलंव आमी, माका वळखाक येवचो नाय? तेका वाटला आसतला, लीडर इलो, आता चारचौघांत शिव्या घालतलो. मी सांगूक गेलंलंय, संप गेलो चुलीत, जेवूक ये." त्यांनी केतकीकडे बघितलं. "पण ता वाक्य असा आसता बघ. एकदा ऐकला काय माणूस पुन्ना विचारणा नाय. मिया पण परत गेलंय नाय."

आता त्याचं गावचं घर बंद आहे. पोरगा कल्याणला की बदलापूरला, कुणाला माहीत नाही. भावजींनी सगळीकडे विचारून झालं होतं. "पण तो येतलो," ते म्हणाले. "म्हातारो झालो काय माणूस येता. आनि त्याका ठावक काय, चाळ, तिसरो माळो आनि वैनीची खानावळ. नंबर खयसून आणतलो? लाजरो माणूस. तुमची ती बाय एकदा 'आढळला नाय' म्हणाली, काय वळान जातलो. मिया जसो गेलंय तसो."

मला एकदम सोलकढी आठवली. त्या वर्षी भावजींनी माझ्या खानावळीत आमसुलाची पुडी आणून दिली होती, लेकासाठी आईने धाडलेली तीच. "वैनी, सगळ्यांका घाला," म्हणाले होते. मी पंगतीला सोलकढी केली, सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून वाखाणली. ह्यांनी वाटी बाजूला सारली होती. आणि मी जन्मभर लोकांना सांगत सुटले, परबांना पित्त आहे.

निघताना हिराबाईने टोपलीतले चार बांगडे काढून केतकीच्या हातात ठेवले. "घे पोरी, खरं बोललीस." कागदात नाही, पिशवीत नाही, असेच. पोरीने दोन्ही हातांनी घेतले. त्या काचेच्या दालनातून ती बांगडे घेऊन आम्हाला दारापर्यंत सोडायला आली, हे कंपनीचं सगळ्यात चांगलं काम.

दिवाळीत नवी आवृत्ती आली. आकाशकंदील तर आलेच, शिवाय आमच्या वाक्यात बदल झाला. आता बाई म्हणते, "क्षमस्व! या नावाचा रहिवासी आढळला नाही," आणि पडद्यावर एक हसरा चेहरा येतो. एवढ्यासाठी केतकी कुणाकुणाशी भांडली असेल, देव जाणे. परबभावजी म्हणाले, "अंशतः यश."

आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गेटपाशी आपली घडीची खुर्ची टाकली. दुपारचा चहा झाला की खाली येतात, दिवे लागेपर्यंत बसतात. शेजारी दुसरी खुर्ची, ती रिकामी. पुढच्या टॉवरच्या कमिटीने आक्षेप घेतला, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते म्हणून. भावजींनी सांगितलं, "लेखी द्या." अजून कुणी दिलेलं नाही. कमिटीत बहुधा विचाराधीन असेल.

यंत्राने 'आढळला नाही' म्हटलं की हे म्हणतात, "बसा हो. कोणाकडे इलात?" कुरियरवाले बसतात, चुकलेले पाहुणे बसतात, वीजबिलवाले बसतात. काही पाणी पितात आणि उठून योग्य इमारतीत जातात. मागे एक म्हातारा आला, हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी. पडद्यासमोर गोंधळून उभा राहिला. भावजी असे उठले की खुर्ची मागे पडली. जवळ जाऊन बघितलं. तो नव्हता. सांगलीहून लेकीकडे आलेला कुणीतरी होता. तरी त्याला बसवलं, चहा मागवला, लेकीचा फ्लॅट शोधून दिला आणि लिफ्टपर्यंत हाताला धरून नेलं.

ते परत येऊन बसले तेव्हा मी खाली होते. त्या दिवशी मी मुद्दाम सोलकढी केली होती. पेला त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "भावजी, पित्त नाही हे आता मला कळलंय. एक घोट घ्या."

त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग गेटकडे. मिशीत हसले.

"घेवया, वैनी," म्हणाले. "रोडमॅपवर आसा."

मी तारीख विचारली नाही. पेला दुसऱ्या खुर्चीवर ठेवला, वर बशी झाकली, आणि तिथेच कठड्यावर टेकले.